लोकसभेची एथिक्स कमिटी: नागरिकाच्या नजरेतून

तक्रार-निवारणाची सेवा म्हणून लोकसभेच्या एथिक्स कमिटीकडे, म्हणजे खासदारांच्या गैरवर्तनाची चौकशी करणाऱ्या समितीकडे पाहिले, तर पहिली अडचण दारातच येते. सामान्य नागरिकाला खासदाराविरुद्धची तक्रार दुसऱ्या एखाद्या खासदारामार्फतच द्यावी लागते, सोबत प्रतिज्ञापत्र जोडावे लागते आणि निव्वळ वर्तमानपत्री बातमीवर आधारलेली तक्रार विचारात घेतली जात नाही. प्रतिज्ञापत्राची अट रास्त आहे. खासदार शोधत फिरण्याची नाही. आत बसलेले १५ सदस्यही खासदारच, आणि त्यांना नेमतात लोकसभाध्यक्ष. नोव्हेंबर २०२३ मध्ये, पैसे घेऊन संसदेत प्रश्न विचारल्याचा आरोप असलेल्या तृणमूल काँग्रेसच्या खासदार महुआ मोइत्रा यांच्या लोकसभेतून हकालपट्टीची शिफारस करणारा अहवाल ६ विरुद्ध ४ मतांनी स्वीकारला गेला, तेव्हा निर्णय पुराव्यावर झाला की पक्षावर, हा प्रश्न साहजिकच उठला.

ब्रिटनच्या हाउस ऑफ कॉमन्समधील अशाच समितीत सात खासदारांच्या जोडीला सात बाहेरच्या व्यक्ती बसतात आणि २०१९ पासून त्यांना मताधिकारही आहे. ही घडण मला उजवी वाटते. आपल्याकडेही निवृत्त न्यायमूर्ती आणि लेखापरीक्षणात आयुष्य गेलेली माणसे घ्यावीत. मात्र निवृत्तीनंतर लगेच पक्षाचे उपरणे गळ्यात घालणाऱ्यांना (अशांची वाण नाही) वगळावे. नेमणूकही एकट्या अध्यक्षांच्या हाती नसावी, तीत विरोधी पक्षनेत्याची संमती आवश्यक असावी.