उग्लिच: व्होल्गेच्या सहलीत हा थांबा चुकवू नका

मॉस्कोहून व्होल्गेवरची बोट-सहल घेणार असाल तर उग्लिचला थांबणारीच निवडा. आमच्या बेळगाव-शहापूरच्या ग्रुपला मॉस्को भारी वाटलं, मला हे लहानसं गाव.

धक्क्याच्या आधीच लाल भिंतींचं चर्च दिसतं, निळ्या घुमटांवर सोनेरी चांदण्या. रशियाचा झार (सम्राट) इव्हान द टेरिबल याचा आठ वर्षांचा मुलगा दिमित्री १५९१ मध्ये इथंच गळ्यावर सुरीचा घाव होऊन गेला. खून की अपघात, हा वाद अजून मिटलेला नाही. तेव्हा घंटा बडवून लोक गोळा केले, दंगल उसळली, आणि शिक्षा चक्क घंटेला झाली! लोळा काढला, फटके मारले आणि सायबेरियात तोबोल्स्कला हद्दपार केलं. ती परतली १८९२ मध्ये. आता त्याच चर्चमध्ये आहे. कपिलेश्वराच्या देवळात घंटा वाजवत वाढलेली मी, तिच्यासमोरून हलेचना. गाइडनं घाई केली, तेवढं मात्र खटकलं. या जागेला निवांत वेळ द्यायलाच हवा.

रशियन चर्चमध्ये बाकं नसतात, लोक उभ्यानंच प्रार्थना करतात. गुडघे दुखणाऱ्यांनी बेतानं. बायकांनी डोकं झाकायचं, ओढणी जवळ असू द्या. गाव चायका घड्याळांसाठीही प्रसिद्ध. मांस न खाणाऱ्यांनी बोटीवर आधीच सांगून ठेवा. आम्ही सांगितलं होतं, बटाटा-कोबी-चीज व्यवस्थित मिळालं.