खोट्या एसएसडीला जुन्या कॉम्प्युटरचा आडोसा

लग्नसराईच्या तोंडावर उदगीरच्या माझ्या डीटीपीच्या (पत्रिका वगैरे कॉम्प्युटरवर तयार करण्याच्या) दुकानात बसवलेली एक टीबीची (हजार जीबीची) एसएसडी, म्हणजे हार्ड डिस्कच्या जागी लागणारी चिपवाली वेगवान डिस्क, खोटी निघाली. खोटी म्हणजे बंद पडलेली नव्हे. ती चालत होती, आणि आधीच्या हार्ड डिस्कपेक्षा कितीतरी जोरात चालत होती. जुना डेस्कटॉप वापरणाऱ्यांनी म्हणूनच हे नीट वाचावं. असला माल जुन्या मशीनवर सहज खपून जातो.

माझं मशीन तिसऱ्या पिढीचं आय-थ्री, मदरबोर्ड एच-६१ चिपसेटचा, रॅम ८ जीबी. सकाळी बटण दाबून झाडलोट केली, उदबत्ती लावली, तरी पत्रिका ज्यात करतो ते कोरलड्रॉ उघडलेलं नसायचं. लातूरच्या एका दुकानदाराने सांगितलं, "भाऊ, नवा कॉम्प्युटर कशाला घ्यायलाव? एसएसडी टाका, बघा कसा पळतोय." सल्ला शंभर टक्के खरा होता. माल मात्र खरा नव्हता. बॉक्स सीलबंद, वर नामांकित कंपनीचं नाव, चकचकीत होलोग्राम. किंमत अस्सल मालापेक्षा हजारेक रुपयांनीच कमी, त्यामुळे "एवढं स्वस्त कसं?" असा प्रश्न पडायला जागाच नव्हती. बिल मागितलं तर "संध्याकाळी व्हॉट्सअ‍ॅपवर टाकतो" म्हणाला. आठवण करूनही ते बिल आलं नाही. पैसे यूपीआयने दिले होते, तेवढा पुरावा हाती राहिला.

विंडोज अर्ध्या मिनिटात सुरू व्हायला लागलं. 'धिस पीसी'मध्ये ९३१ जीबी दिसत होते. एक टीबीच्या डिस्कवर एवढेच दिसायला हवेत, कारण कंपनी हजाराच्या पटीत मोजते आणि विंडोज १०२४ च्या. म्हणजे आकडाही बरोबर होता.

मग फाईली खराब व्हायला लागल्या. देवणीकडच्या एका मामांच्या मुलीची पत्रिका, प्रूफ पास झालेलं, छापायला उघडली तर उघडेचना. नाव जागेवर, साईझ जागेवर, आत काही नाही. ती मी रात्री जागून पुन्हा केली. पण एका फोटोग्राफर मित्राने अल्बमसाठी दिलेले हळदीचे फोटो अर्धे राखाडी झाले, आणि तोवर त्याची कार्डं पुढच्या लग्नासाठी रिकामी झाली होती. पत्रिका पुन्हा करता येते, हळद पुन्हा लावता येत नाही. त्या घरच्यांना मी काय सांगायचं?

दुकानदाराकडे दरवेळी कारण तयार. "तुमचा बोर्ड जुना आहे." "तुमच्याकडं लाईट सारखी जाती." "व्हायरस असंल." यातलं एकही धडधडीत खोटं नाही, आणि मला सगळ्यात जास्त राग याचाच आहे. एच-६१ च्या साटा पोर्टचा (डिस्क जोडायच्या जागेचा) वेग सेकंदाला ३ गिगाबिटच असतो, म्हणून बॉक्सवर लिहिलेले सेकंदाला ५५० एमबी माझ्याकडे कधीच मिळणार नव्हते, तीनशे एमबीच्या आतच राहणार होते. पण हळू पोर्टमुळे फाईल सडत नाही. लाईट गेली तर उघडी फाईल बिघडू शकते. मागच्या आठवड्यात सेव्ह करून बंद केलेली पत्रिका पुसली जात नाही. मशीन जुनं असलं की गिऱ्हाईक स्वतःच्याच मशीनवर संशय घेतं, आणि असल्या दुकानदाराला तेच हवं असतं.

शेवटी मी जुन्या हार्ड डिस्कवरून मशीन सुरू केलं आणि एसएसडीवर एचटूटेस्टडब्ल्यू लावलं. जर्मनीच्या 'सीटी' मासिकाकडून आलेला हा छोटा, फुकट प्रोग्राम आहे. तो डिस्कवरची मोकळी जागा स्वतःच्या फाईलींनी काठोकाठ भरतो आणि मग लिहिलेलं सगळं परत वाचून ताडून पाहतो. रात्रभर चालू ठेवला. सकाळी उत्तर स्वच्छ होतं: खरी जागा १२० जीबीच्या आसपास, बाकी सगळं वाया.

या ड्राइव्हच्या फर्मवेअरमध्येच (आत भरलेल्या त्याच्या स्वतःच्या प्रोग्राममध्ये) "मी एक टीबी आहे" असं लिहून ठेवलेलं असतं, आणि विंडोज ड्राइव्ह सांगेल ते मानतं. खरी जागा संपली की पुढचं लिखाण हवेत जातं किंवा आधीच्या फाईलींवर बसतं. कॉपी पूर्ण झाली असंच दिसतं, एररही येत नाही. फाईलींच्या नावांची यादी सुरुवातीच्या खऱ्या जागेत शाबूत राहते, म्हणून नावं दिसतात आणि आतला मजकूर गेलेला असतो.

कव्हर उघडलं तर चिपवरची अक्षरं खरवडलेली होती आणि वजन यावं म्हणून लोखंडी पट्टी चिकटवलेली. आतलं बोर्ड बोटभर होतं, पण नुसत्या लहान बोर्डावरून ठरवू नका. अस्सल एसएसडीतही बोर्ड लहान आणि बाकी डबी रिकामी असते. शिवाय अस्सल असली तर उघडल्याने वॉरंटी जाते. त्यापेक्षा सिरीयल नंबर कंपनीच्या संकेतस्थळावर टाकून बघा. माझ्या नंबरचा माल त्यांनी काढलेलाच नव्हता.

दुकानदार आता फोन उचलत नाही. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनवर तक्रार नोंदवली आहे. आता ई-जागृती पोर्टलवरून जिल्हा ग्राहक आयोगात जातोय. दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर तिथे फी नाही, वकीलही सक्तीचा नाही, आणि घटनेपासून दोन वर्षांच्या आत जाता येतं. यूपीआयची नोंद, व्हॉट्सअ‍ॅपवरचं बोलणं, बॉक्सचे फोटो आणि तपासणीचा निकाल, एवढं जोडतोय.

तुम्ही अशी एसएसडी नुकतीच बसवली असेल तर भरून तपासा, पण आधी आतलं सगळं दुसऱ्या डिस्कवर काढून घ्या आणि काढलेल्या फाईली उघडून बघा. ड्राइव्ह खोटा असेल तर ती तपासणीच उरलेल्या चांगल्या फाईलींवर लिहून जाऊ शकते. आणि जुनी हार्ड डिस्क "एक्स्चेंज"मध्ये देऊ नका. माझी कपाटात होती म्हणून आधीच्या सगळ्या वर्षांचं काम शाबूत आहे.