पद्मिनीच्या सोलेक्स कार्बोरेटरचं किट: घ्या, पण आधी फ्युएल पंप तपासा

प्रीमियर पद्मिनीच्या सोलेक्स ३२ पीबीआयसी कार्बोरेटरचं (इंजिनासाठी पेट्रोल आणि हवा मिसळणारा भाग) रिपेअर किट आजही मिळतं. आत नीडल व्हॉल्व्ह (कार्बोरेटरमध्ये येणारं पेट्रोल वेळेवर अडवणारी सुई), त्याचे वॉशर, ॲक्सिलरेटर पंपाचा डायफ्राम (पाय दाबला की जादा पेट्रोल फेकणारा रबरी पडदा), झाकणाचं आणि बुडाचं पॅकिंग. ओव्हरफ्लो होत असेल किंवा पिकअपला झटके येत असतील तर पैसे वसूल. गाडी चालता चालता मरते म्हणून घेणार असाल तर जरा थांबा, आधी टाकीतून पेट्रोल ओढणारा फ्युएल पंप तपासा.

इंजिन थंड असताना इग्निशन कॉइलची वायर काढा, फ्युएल पंपाचा पुढचा पाईप बाटलीत सोडा आणि सेल्फ मारा. ठोक्याठोक्याला जोरदार पिचकारी यायला हवी. बुडबुडे येत असतील तर टाकीकडच्या बाजूने हवा ओढली जातेय. बहुतेकदा क्लिपपाशी कडक होऊन तडकलेला रबरी तुकडा सापडतो. पिचकारी मरतुकडी असेल तर टाकीचं झाकण सैल करा. 'फुस्स' आवाज आला की झाकणाचं भोक बुजलंय. डिपस्टिकच्या ऑइलला पेट्रोलचा वास मारत असेल तर पंपाचा डायफ्राम फाटलाय. ऑइलही बदलावं लागेल. भर उन्हात ट्रॅफिकमध्ये बंद पडून पंपावर ओलं फडकं टाकल्यावर निघणारी गाडी पेट्रोलची पंपात वाफ झाल्याने अडलेली असते. मुंबईच्या टॅक्सीवाल्यांचा हा जुना इलाज, आणि निदान म्हणूनही अचूक. यातल्या एकाही दुखण्यावर किटमध्ये औषध नाही.

आता किट. नीडल उत्तम. जुनी नीडल काढून उजेडात धरा: टोकाभोवती झिजलेली चकचकीत कडी दिसेल, ओव्हरफ्लोचं मूळ तेच. नवी बसवताना वॉशरकडे दुर्लक्ष नको. या कार्बोरेटरमध्ये पेट्रोलची पातळी वॉशरच्या जाडीवर ठरते: जाड वॉशर, पातळी खाली, पातळ वॉशर, पातळी वर. जुन्याची जाडी व्हर्नियरने मोजा आणि तेवढ्याच जाडीचा घाला. पाकिटातला निघाला तोच लावला की नवीन नीडल असूनही गाडी पेट्रोल पिते, आणि शिव्या किटला बसतात.

किटमधला ॲक्सिलरेटर पंपाचा डायफ्राम मात्र भरवशाचा नाही. हल्लीच्या २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलमध्ये हलकं रबर टिकत नाही. बसवण्याआधी रात्रभर पेट्रोलमध्ये बुडवून ठेवा; सकाळी फुगून लाटा पडल्या असतील तर परत करा. बसवताना या पंपाचा लिव्हर दाबून धरूनच स्क्रू आवळायचे, नाहीतर पहिल्याच दाबाला ताणून फाटतो. मग एअर फिल्टर काढून, इंजिन बंद ठेवून थ्रॉटल (ॲक्सिलरेटरने उघडणारी झडप) ओढा. आत पेट्रोलची सरळ धार दिसली की जमलं.

पॅकिंग ठीक. बुडाचे नट जीव खाऊन आवळू नका, फ्लँज वाकतो. वाकलाच असेल तर काचेवर ४०० नंबरचा पॉलिश पेपर ठेवून घासून सपाट करता येतो. जेटमध्ये (पेट्रोल मोजून सोडणारं बारीक भोक) तार घालू नका, भोक मोठं होतं. क्लीनर आणि हवेचा प्रेशर पुरतो, आणि मेन जेट बाहेरूनच निघत असल्याने त्यासाठी कार्बोरेटर उतरवायची गरज नाही.

किटमध्ये नाही ते थ्रॉटल स्पिंडलचं बुश, म्हणजे झडपेचा दांडा ज्यात फिरतो ती नळी. आयडलिंगवर स्पिंडल बोटाने हलवून पाहा. आवाज बदलला तर तिथून हवा जातेय. मिक्स्चर स्क्रू (आयडलिंगचं पेट्रोल-हवेचं प्रमाण ठरवणारा) कितीही फिरवा, आयडलिंग बसणार नाही. लेथवाल्याकडून बुश मारून घ्यावं लागतं. ते झालं की स्क्रू हलक्या हाताने पूर्ण आत, मग दीड फेरा बाहेर, आणि तिथून कानाने. सोलेक्सचा चोक ओढून स्टार्ट करताना ॲक्सिलरेटरला पाय लावू नका. थ्रॉटल बंद असेल तरच त्याला व्हॅक्यूम मिळतो. अर्ध्या 'चोक खराब' तक्रारी इथेच मिटतात.

किटसोबत इंधनाचा रबरी पाईपही मागा. त्यावर 'आर ९' (इथेनॉल सोसणाऱ्या पाईपाचा दर्जा) छापलेलं असावं. साधा पाईप इथेनॉलने आतून सोलपटतो आणि त्याचा चुरा थेट नव्या नीडलखाली जाऊन बसतो.