सभेचा पत्ता सापडला, तो असा

थोरल्या भावासाठी सोलापुरात दारू सोडू इच्छिणाऱ्यांच्या परस्पर-मदत संघटनेची, म्हणजे अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसची सभा शोधताना पहिला गुरुवार वाया गेला, कारण आमच्याजवळच्या जुन्या यादीतला पत्ता बदललेला होता. सात रस्त्याच्या परिसरात तासभर फिरून आम्ही परतलो. म्हणून निघण्यापूर्वी फोन करून वार, वेळ आणि सभा 'खुली' आहे की 'बंद', हे विचारून घ्यावे. खुल्या सभेला नातेवाइकांना बसता येते, तर बंद सभा केवळ दारू सोडू इच्छिणाऱ्यांसाठी असते.

पुढच्या आठवड्यात खुल्या सभेत मीही बसलो. नाव नोंदवणे नाही, फी नाही. खर्च सदस्यांच्या ऐच्छिक वर्गणीतून भागतो, आणि दारू सोडण्याची इच्छा एवढीच सदस्यत्वाची अट असते. 1935 साली अमेरिकेत सुरू झालेल्या या संघटनेच्या बारा पायऱ्या (दारूपासून दूर राहण्यासाठीचे टप्पे) मराठीत ऐकताना 'ईश्वर' हा शब्द वारंवार येतो आणि तो सर्वांनाच रुचेल असे नाही (भावाला मात्र काहीच अडचण वाटली नाही, तो सिद्धेश्वराचा भक्त). उपदेश कोणी केला नाही, हे मला विशेष भावले; प्रत्येकजण स्वतःपुरतेच बोलला. खुर्च्या अवघडणाऱ्या होत्या, चहा गोड होता.

एक उणीव सांगायला हवी: येथे वैद्यकीय उपचार नसतात. रोज भरपूर पिणाऱ्याने दारू अचानक थांबवल्यास थरथर, भ्रम, प्रसंगी झटकेही येऊ शकतात, त्यामुळे आधी डॉक्टरांना दाखवावे. भावाची आज सातवी सभा आहे.