पहिली मोठी लेन्स: १००-४०० घ्यावी की १५०-६००?

कॅमेऱ्यासोबत मिळणारी किट लेन्स झाली, ७०-३०० वर बुलबुल-खंड्या काढून झाले, आता पुढे काय, या टप्प्यावर बहुतेक जण या दोन झूमपाशी येऊन अडकतात (आकडे मिलिमीटरमधल्या फोकल लेंग्थचे, आकडा जितका मोठा तितकं लांबचं मोठं दिसतं). मी दोन्ही वापरल्यात, क्रॉप सेन्सरच्या (लहान सेन्सरच्या) बॉडीवर, त्यामुळे मोठ्या सेन्सरच्या फुलफ्रेमवाल्यांचं गणित थोडं वेगळं निघू शकतं.

६०० ची ओढ उगाच नसते. कडबनवाडीच्या माळावर भोवत्या हा शिकारी पक्षी किंवा सुप्याजवळ मयूरेश्वर अभयारण्यात चिंकारा जवळ येऊच देत नाहीत, आणि तिथं ४०० वर काढलेला फोटो नंतर इतका क्रॉप करावा लागतो की पिसं न् केस सगळं एकजीव होऊन जातं. ज्यांना माळरानच करायचंय त्यांनी सरळ १५०-६०० घ्यावी, मी वाद घालणार नाही.

भिगवणला मात्र माझं मत डळमळायला लागलं. सकाळी लवकर होडी निघाली की ६०० वर रोहित (फ्लेमिंगो) छानच येतात, पण ऊन चढलं की उजनीच्या पाण्यावरची हवा थरथरायला लागते आणि मग लांबचा थवा नुसता मोठा दिसतो, शार्प येत नाही. त्यात होडीत ट्रायपॉडचा उपयोग नाही, सगळं हातातच, आणि जवळपास दोन किलोची लेन्स धरून सूर मारणाऱ्या सुरय पक्ष्याच्या मागे फिरायचं म्हणजे थोड्या वेळाने हात खाली येतोच. १००-४०० सव्वा किलोच्याही आत आहे, हा फरक दुकानात हातात घेऊन कळत नाही, तासाभराने कळतो.

ताडोबात उलटी अडचण. वाघ रस्त्यावर आला की जिप्सीच्या इतका जवळून जातो की १५० वरही नुसतं तोंड मावतं. १०० वर बांबू, रस्ता, पडलेलं ऊन असं थोडं तरी जंगल फोटोत येतं आणि मला तरी तोच फोटो जास्त आवडतो. बाकी उजेडाच्या बाबतीत दोन्ही सारख्याच, शेवटच्या टोकाला एफ ६.३ (लेन्स किती उघडते त्याचा आकडा), पण ६०० वर हात हललेला जास्त दिसतो म्हणून शटर स्पीड वाढवावा लागतो आणि त्यापायी आयएसओही, म्हणजे सेन्सरची प्रकाशाची संवेदनशीलता.

पण माझा निर्णय खरा झाला तो आंबोलीत. माझ्याकडच्या १५०-६०० चा जवळात जवळचा फोकस २.८ मीटर होता, १००-४०० चा १.६. कागदावर हा आकडा कुणी बघत नाही. हिरण्यकेशीच्या वाटेवर ओल्या मातीत राणी पाकोळी (ब्लू मॉर्मन फुलपाखरू) उतरली, पंख पसरून पाणी शोषत बसली, काळ्या मखमलीवर ते निळे पट्टे, आणि लेन्स पुढे-मागे फोकस शोधत घुर्रघुर्र करत राहिली कारण मी जेमतेम दोन मीटरवर होतो. मागे सरकावं तर पाठीमागे कारवीची झुडपं, बाजूला उतार, आणि सरकलं की मधे गवताची पाती येतात, लेन्स त्यांनाच धरते. २.८ मीटरवरून फुलपाखरू बारीक येतं असं अजिबात नाही, फ्रेम चांगली भरते, पण ते तुमच्या सोयीच्या अंतरावर थोडंच बसतं? बेडूक, सरडे, चतुर, सगळ्यांचं हेच. आपल्या सह्याद्रीत पावसाळ्याचे चार महिने हेच तर सगळं समोर असतं, आणि नवीन माणसाचा हात बसतो तो अशा रोज दिसणाऱ्या जिवांवरच.

त्यामुळे ज्याचं अजून नक्की ठरलेलं नाही, पक्षी की प्राणी की किडे, त्याने माझ्या मते १००-४०० घ्यावी. सांभाळायला सोपी म्हणून ती रोज बॅगेत राहते, आणि रोज सोबत असणं मला २०० मिलिमीटरपेक्षा जास्त मोलाचं वाटतं. भिगवण किंवा कडबनवाडीचा बेत ठरला की त्या शनिवार-रविवारपुरती १५०-६०० भाड्याने घ्या, पुण्या-मुंबईत सहज मिळते. फक्त थंडीत रोहितांच्या सीझनला आधी सांगून ठेवा, ऐनवेळी शिल्लक नसते.