पोलिसांवर दावा: फेडरल कोर्टात की कोलोरॅडोच्या?

कोलोरॅडोत पोलिसांविरुद्ध नागरी हक्कांचा दावा लावायचा तर दोन वाटा आहेत: फेडरल म्हणजे केंद्राच्या कायद्याचं कलम १९८३, नाहीतर राज्याचा २०२० चा कायदा, एसबी २१७. मुदत दोन्हीकडे दोनच वर्षं, आणि जिंकलात तर वकिलाची फी दोन्हीकडे समोरच्याकडून मिळू शकते. त्यावर डोकं शिणवू नका.

माझं प्रकरण ऑक्टोबर २०२१ चं. पोलिसांनी शेजारच्या पोराला अडवलं होतं, ते मी माझ्याच दारातून मोबाइलवर टिपत होतो. एकाने मनगट पिरगाळून फोन हिसकावला. फेडरल दावे लढणाऱ्या वकीलबाईंकडे गेलो, तर त्यांनी ना मनगट पाहिलं ना व्हिडिओ मागितला. पहिला प्रश्न हा: “हुबेहूब असंच जुनं प्रकरण कुठे बेकायदा ठरलंय का?”

क्वालिफाइड इम्युनिटीची, म्हणजे फेडरल दाव्यात पोलिसाला मिळणाऱ्या कायदेशीर कवचाची, मेख हीच. आधीच्या निकालांनी हक्क स्पष्ट झालेला नसेल, तर पोलीस सुटला. बाईंनी फ्रेझिअर विरुद्ध इव्हान्सचा निकाल पुढ्यात सरकवला. २०१४ मध्ये डेन्व्हरला एकाने टॅबलेटवर पोलिसांचं चित्रीकरण केलं होतं. लोकांना तसा हक्क आहे, हे त्या पोलिसांना प्रशिक्षणातच शिकवलेलं. तरी मार्च २०२१ मध्ये दहाव्या सर्किटने (कोलोरॅडो ज्याच्या हद्दीत येतं ते फेडरल अपील कोर्ट) त्यांना इम्युनिटी दिली, कारण २०१४ पर्यंत तसं स्पष्ट सांगणारा निकाल नव्हता. म्हणजे पोलिसांना पाठ, पण कायद्याच्या लेखी अस्पष्ट! बरं, इम्युनिटी नाकारली गेली तरी पोलीस त्या मुद्द्यावर खटल्याआधीच अपिलात जाऊ शकतो. तोवर आपण बसायचं तारखा मोजत.

तेव्हा मी राज्याची वाट धरली. एसबी २१७ खाली इम्युनिटीचा बचावच चालत नाही. तिथल्या वकिलाने आधी व्हिडिओ पाहिला, मग मनगटाचा एक्स-रे मागितला. मला तेवढंच पुरलं, खरं सांगायचं तर. चौदा महिन्यांत तडजोड झाली. एकाच्या अनुभवावरून नियम काढू नये, हे मान्य.

एसबी २१७ खालीही पोलिसाच्या खिशाला मात्र फारशी झळ बसत नाही. त्याने सद्भावनेने वागलं नाही असं त्याच्याच खात्याने ठरवलं, तर निकालाच्या रकमेचे ५ टक्के किंवा २५,००० डॉलर, यांतलं जे कमी ते त्याने भरायचं.

फेडरल वाट अगदीच टाकाऊ नाही. चित्रीकरणाचा हक्क जुलै २०२२ मध्ये त्याच दहाव्या सर्किटने मान्य केला, त्यामुळे आज निव्वळ फोनचा मामला तिथेही तरला असता. समोर पोलीस नसून शाळेचा किंवा नगरपालिकेचा अधिकारी असेल, तर कलम १९८३ च बघावं लागेल. एसबी २१७ पोलिसांपुरताच आहे.

एक मात्र सांभाळा. राज्याच्या कोर्टात दावा टाकताना ‘असू दे’ म्हणून १९८३ चा एखादा मुद्दा जोडू नका. तेवढ्यावरून समोरचे अख्खा दावा फेडरल कोर्टात नेऊ शकतात. आमच्या मसुद्यातही तो परिच्छेद होता. वकिलाने आदल्या संध्याकाळी लाल पेनने खोडला.