इन्व्हिड प्लगिन : धार्मिक तेढीच्या क्लिपा तपासायला कितपत कामाचं?

क्रोममध्ये टाकायचं हे प्लगिन फुकट आहे आणि जुना व्हिडिओ नव्या नावाने फिरत असेल, तर अजूनही याच्याइतकं कामाचं दुसरं काही पटकन सुचत नाही.

‘कीफ्रेम्स’मध्ये लिंक किंवा फाइल दिली की ते व्हिडिओतली स्थिरचित्रं काढून देतं. त्यातली चेहऱ्याची सोडा. पाटी, गणवेश, नंबरप्लेट दिसणारी दोन-तीन घ्या आणि राइट क्लिक करून गूगल, यांडेक्स, टिनआय तिन्हीकडे शोधा. काही सापडलं नाही तर चित्र आरशासारखं उलटं करून पुन्हा. २०२० मध्ये तबलिगी जमातीच्या नावाने फिरलेली पोलिसावर थुंकण्याची क्लिप फेब्रुवारीतली, मुंबईतल्या एका कच्च्या कैद्याची होती. ‘कोरोना पसरवण्यासाठी ताटं चाटतात’ हा व्हिडिओ तर २०१८ पासून नेटवर होता. त्यात दिसते ती दाऊदी बोहरांची अन्नाचा कणही वाया न घालवण्याची रीत. अशा ठिकाणी प्लगिन चोख काम करतं.

पालघरला मात्र ते हात टेकतं. १६ एप्रिल २०२० ला गडचिंचल्यात दोन साधू आणि त्यांचा चालक जमावाच्या हातून मारले गेले. व्हिडिओ खरा, जागा खरी, तारीखही खरी. खोट होती ती आवाजात : ‘ओये बस’ हे ‘शोएब’ म्हणून ऐकवलं गेलं आणि हल्लेखोरांना धर्म चिकटला. अटकेतल्या १०१ जणांत एकही मुस्लिम नाही, हे गृहमंत्री अनिल देशमुखांना २२ एप्रिलला जाहीर करावं लागलं. चित्रं शोधणारं साधन इथे काय करणार? अशा क्लिपेला हेडफोन लावा, व्हीएलसी प्लेयरमध्ये वेग निम्मा करा आणि दावा न सांगता तिघांना वेगवेगळं ऐकवून कागदावर लिहायला लावा. आधी ‘शोएब ऐकू येतं का बघ’ म्हटलंत की येणारच. मग एफआयआर आणि आरोपींची यादी. ती हाती येईपर्यंत बातमीत कुणाचाही धर्म नको.

‘मेटाडेटा’वर, म्हणजे फाइलसोबत साठवलेल्या तारीख, जागा, कॅमेरा अशा माहितीवर वेळ घालवू नका. व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेल्या फाइलमधून ती माहिती आधीच गेलेली असते, त्यामुळे रकाने रिकामे दिसले म्हणून क्लिप बनावट ठरत नाही. फोटोत फेरफार झाला का हे शोधणाऱ्या ‘फॉरेन्सिक’मधले रंगीत डागही दहा वेळा फॉरवर्ड झालेल्या फोटोवर उगाच उमटतात. ते दाखवून ‘फोटोशॉप केलेला’ असा मथळा देणारे महाभाग आहेत. काही विभागांना पत्रकार म्हणून नोंदणी लागते, पण कीफ्रेम्ससाठी अडत नाही.